हिशेबात न धरलेली एकोणीस मिनिटं

अस्मिता गमरेला घणसोलीच्या सोसायटीत कोणी विचारलं, की तुम्ही नेमकं काय करता हो, तर ती म्हणे, "काही बंद पडू देत नाही." शेजारणींना वाटे बाई लिफ्टच्या कंपनीत असेल. एकदा पाण्याचा पंप बसला तेव्हा सेक्रेटरीने खरोखरच तिला खाली बोलावलं. तीही गेली आणि पंप चालू करून आली. वडील रबाळ्याच्या कारखान्यात फिटर होते, पान्याची ओळख घरातलीच होती. पण तिचं काम पंपाचं नव्हतं. ती डेटाबेस सांभाळायची.

आता हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच झालं.

न्हावा शेवा बंदराबाहेर कंटेनर ठेवायची जी यार्डं आहेत, त्यांतल्या सात यार्डांची गेटं अस्मिताच्या कंपनीच्या भरवशावर चालत. ट्रेलर गेटवर आला की त्याचा नंबर, कंटेनरचा नंबर, कस्टमची मंजुरी, हे सगळं डेटाबेस तपासणार, नोंद करणार, आणि मग दांडा वर जाणार. डेटाबेस गप्प बसला तर दांडा जागचा हलत नाही. दहा मिनिटांत शंभर ट्रेलर उभे राहतात, अर्ध्या तासात रांग करळ फाट्याच्या दिशेने निघते, आणि ड्रायव्हर मंडळी कोणाकोणाच्या आईबहिणीची आठवण काढतात ते कानाने ऐकवत नाही.

म्हणून हा डेटाबेस एका जागी ठेवलेला नव्हता. तीन ठिकाणी तीन मशिनं होती: एक रबाळ्याला, एक पावण्याला, एक पुण्याला. तिन्हींत तीच नोंद. काहीही लिहून घ्यायचं तर तिघांतल्या दोघांनी "हो, लिहिलं" म्हटलं पाहिजे. त्यामुळे एक मशीन जळलं काय नि बुडालं काय, उरलेली दोन गाडा ओढत राहतात. पण दोन गेली, तर तिसरं एकट्याच्या शब्दावर काही लिहून घेत नाही. ते हाताची घडी घालून बसतं.

गिऱ्हाईकाशी करार होता "पाच नऊ"चा. म्हणजे नव्याण्णव पूर्णांक नऊशे नव्याण्णव सहस्रांश टक्के वेळ हे दुकान उघडं पाहिजे. वर्षाला बंद राहायची मुभा सव्वापाच मिनिटं. तेवढ्यात डाळीच्या कुकरच्या तीन शिट्ट्यासुद्धा होत नाहीत. अस्मिताने हा आकडा सलग चार वर्षं राखला होता. लोकांना वाटतं हे मोठ्या बुद्धीचं काम. छे! हे खाष्ट सासूसारखं संशयी असण्याचं काम आहे. एका वेळी एकाच मशीनला हात लावायचा. त्याआधी बाकीची दोन धडधाकट आहेत ना, हे डोळ्याने बघायचं. परवानगी लेखी द्यायची, मग फोन करायचा. समोरच्याने मशीनवरचं लेबल मोठ्याने वाचायचं, आपण ते उलट म्हणायचं, आणि मगच नटाला पाना लावायचा. महिन्यातून एकदा ती भर दुपारी मुद्दाम एक मशीन बंद करून बघे, उरलेली दोन पेलतात की नाही. तिच्या टेबलासमोर तिच्याच अक्षरात एक पाटी होती: "हिरवा म्हणजे जिवंत. हिरवा म्हणजे तयार नव्हे." कारण दुरुस्त होऊन आलेलं मशीन पडद्यावर लगेच हिरवं दिसतं, पण मधल्या काळातल्या नोंदी त्याच्यात उतरायला तास न् तास लागतात. तोवर दोघांच्या एकमतात त्याला धरायचं नसतं.

आणखी एक रीत तिनेच कंपनीत आणली होती. काही बंद पडलं तर जो अहवाल लिहायचा त्यात माणसाचं नाव घालायचं नाही. कोण चुकलं ते नव्हे, काय चुकलं ते लिहायचं. "माणूस घाबरला की लपवतो," ती नव्या लोकांना सांगे, "आणि लपवलेली चूक पुन्हा होते." हे ती इतक्या वेळा बोलली होती, की ऑफिसातली पोरं पाठीमागे तिची नक्कल करत.

पावण्याच्या इमारतीतलं मशीन प्रत्यक्ष हाताने उघडायचं, लावायचं काम जयदेव मढवीकडे. तो कंपनीचा माणूस नव्हता, ठेकेदाराचा होता. पावणे गावातलाच. त्याच्या आजोबांची भातशेती एमआयडीसीत गेली, आणि ती नेमकी कुठल्या प्लॉटखाली आहे ते तो पायाने रेघ ओढून दाखवी. चाळिशीचा, कमी बोलणारा, घाई कशाशी खातात ते ठाऊक नसलेला. अस्मिता त्याला वर्षातून दोन-तीनदा भेटे, पण फोनवर आठवड्यातून चारदा तरी बोलणं होई. ऑफिसात सगळे तिला मॅडम म्हणत; हा एकटा ताई म्हणे.

डिसेंबरातल्या एका रविवारी घणसोलीच्या विहारात अस्मिताच्या भाचीचं नामकरण होतं. आत्या म्हणून सगळा मान तिचा. पावण्याच्या मशीनचा पंखा चार दिवस घरघर करत होता, त्याचं काम सोमवारी ठरलेलं. ऑफिसचा फोन चार्जिंगला लावलेला, म्हणून जयदेवने तिच्या स्वतःच्या मोबाइलवर फोन केला.

"ताई, पंख्याचा पार्ट आला. मी हितंच हाय. रविवार हाय, गेटवर गर्दी बी नाय. काढू का मशीन?"

एकीकडे माइकवर कोणी तरी "हॅलो, हॅलो, चेक" करत होतं. भाऊ दारातून हाका मारत होता, "आत्या कुठं गेली? अगं ये ना!" अस्मिताने फोनवर मशिनांचा पडदा उघडला. तीन ठिपके, तिन्ही हिरवे.

पुण्याच्या मशीनची डिस्क आदल्याच दिवशी बदलली होती. त्याला मंजुरी तिनेच दिलेली. त्याच्यात नोंदी उतरणं संध्याकाळपर्यंत चालणार होतं. ती हे विसरली असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. तिला ते माहीत होतं. फक्त त्या क्षणी तिने ते मनाशी येऊ दिलं नाही, कारण बाळ रडत होतं, आणि तीन हिरवे ठिपके डोळ्यांना बरे वाटत होते.

"काढ," ती म्हणाली.

"लिवून पाठवताय ना?"

"पाठवते रे पाच मिनिटांत. तू सुरू कर."

चार वर्षांत लिहून देण्याआधी "तू सुरू कर" असं ती कोणालाही म्हणाली नव्हती.

पाचव्या मिनिटाला ती पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात "संघप्रिया" म्हणत होती, तेव्हा तिचे दोन्ही फोन एकदम वाजायला लागले. पुण्याचं मशीन धरायचं नाही, पावण्याचं हिने स्वतःच्या तोंडाने काढायला लावलं, उरलं रबाळ्याचं एकटं. ते हाताची घडी घालून बसलं होतं. सातही गेटांचे दांडे खाली. विहाराच्या जिन्यात उभी राहून ती ओरडली, "जयदेव, परत लाव! आहे तसं परत लाव!" त्याने ते लावलं, पण मशीन म्हणजे बल्ब नव्हे. ते उठलं, स्वतःला तपासलं, मधल्या नोंदी घेतल्या आणि मग रबाळ्याच्या हातात हात दिला. एकोणीस मिनिटं गेली. एका गेटवर ड्रायव्हरांनी क्लार्कची कॉलर धरल्याचं नंतर कळलं. जिवावर कोणाच्या बेतलं नाही.

हॉलमध्ये परतल्यावर बायकांनी विचारलं, "काय गं, सगळं ठीक?" ती "हो, झालं चालू" म्हणाली आणि जेवायला बसली. लेखी परवानगी पाठवायची राहिली ती राहिलीच. नंतर पाठवली असती तर ती मागाहून केलेली सारवासारव झाली असती, असं तिने स्वतःला समजावलं.

सोमवारी तिने अहवाल लिहायला घेतला. पहिलं वाक्य तिने खरं लिहिलं: पुण्याचं मशीन तयार नसताना पावण्याचं काढायला होकार दिला गेला. इतक्यात तिचा साहेब अंकुर आला. अंकुर दुष्ट माणूस नाही. वाढदिवसाला केक आणतो, कोणाचं आजारपण असलं तर रजा विचारत नाही. पण हुशार आहे, आणि हुशार माणूस तेवढाच प्रश्न विचारतो, ज्याचं उत्तर त्याला हवं असतं.

"अस्मिता, पावण्याच्या कामाला लेखी परवानगी दिली होतीस?"

"नाही, पण..."

"म्हणजे ठेकेदाराच्या माणसाने परवानगी नसताना मशीन काढलं." त्याचा चेहरा उजळला. "करारात कलम आहे. बाहेरच्या माणसाच्या अनधिकृत कामाने झालेला खोळंबा आपल्या हिशेबात धरायचा नाही. पाच नऊ वाचले यार!"

तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या एका क्षणात तिच्या मनात काय काय आलं! चार वर्षांची मेहनत. "गमरे म्हणजे गॅरंटी" ही ऑफिसातली म्हण. आणि हेही, की आपल्यासारख्या घरातून वर आलेल्या बाईची एक चूक लोक दहा म्हणून मोजतात, आडनाव बघून मोजतात. हे शेवटचं काही तिने कल्पनेने रचलेलं नव्हतं. तिने ते सोसलेलं होतं. पण खरं कारण सोयीचं होऊन हाताशी आलं, की माणूस ते कशासाठी उचलतो हे त्याचं त्याला पक्कं कळत असतं. अस्मितालाही कळत होतं.

मंगळवारी बैठक झाली. अंकुर, अस्मिता, ठेकेदाराचा सुपरवायझर, आणि जयदेव. बाकीचे बसले होते. जयदेवला बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

"मॅडमना इचारूनच काढलं," तो म्हणाला. लोकांसमोर तो तिला मॅडम म्हणाला, हे अस्मिताच्या ध्यानात आलं.

"कुठे लिहिलंय?" अंकुरने विचारलं.

जयदेवने अस्मिताकडे बघितलं. तीही त्याच्याकडे बघत होती, कारण दुसरीकडे बघणं तिला जमलं नाही.

"अस्मिता, लेखी परवानगी तू दिली होतीस?"

"लेखी परवानगी मी दिली नव्हती," ती म्हणाली.

शब्द न् शब्द खरा. कोर्टातसुद्धा टिकला असता.

जयदेवने तिच्यावरून नजर काढली. मग म्हणाला, "नाय लिवलेलं." सुपरवायझरने इमारतीचा पास काढून ठेवायला सांगितला. जयदेवने गळ्यातला पास काढला, दोरी नीट गुंडाळली, टेबलावर ठेवला आणि गेला. अहवालात त्याचं नाव आलं नाही, रीतच होती तशी. "बाहेरील व्यक्तीकडून अनधिकृत हाताळणी" एवढंच आलं. नाव न घेण्याची ती सगळी माया आतल्या माणसांसाठी होती. बाहेरच्याला तिने एका ओळीत घरी पाठवला.

खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं झालं. पहिल्या आठवड्यात अस्मिताने जयदेवला सात वेळा मेसेज लिहिला आणि सात वेळा खोडला. पावण्याला आता नवा माणूस होता. तो लेबल न वाचताच "हां मॅडम, हो गया" म्हणे, आणि प्रत्येक वेळी ती त्याला लेबल वाचायला लावी. नवरा सुगत म्हणाला, "तुला झोप येत नाही का?" ती म्हणाली, "कामाचं टेन्शन." तेही खोटं नव्हतं. खोटं न बोलता किती दिवस काढता येतात, याचा तिला नवाच शोध लागला होता.

रविवारी विहारात पंचशील म्हणताना पहिली तीन शीलं ती सगळ्यांबरोबर म्हणे. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, की तिचा आवाज बसे. पाचव्याला पुन्हा सुरू. तिची आई बयाबाई शेजारी बसलेली असायची. बयाबाईचं वय सत्तर, शाळा चौथी, कान मात्र शाबूत. तीन रविवार तिने ऐकून घेतलं आणि चौथ्या रविवारी घरी भाजी निवडता निवडता विचारलं, "काय गिळून बसलीयस?"

अस्मिताने सांगितलं. सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, "पण आई, मी खोटं नाही बोलले."

"मग कोन बोललं?"

अस्मिताने भाजीची पुढची जुडी ओढली.

"तू नाय बोललीस, तुजा सायब नाय बोलला, तो बापडा तर खरंच बोलला. मग खोटं बोलल्याबिगर त्याची नोकरी गेली कशी?" बयाबाईने निवडलेली भाजी उचलली आणि आत गेली. तिने पुन्हा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

तरीही अस्मिताने काही केलं नाही. हे सांगायलाच हवं, नाही तर तिची बाजू फार लवकर उजळ होते. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये वर्षाचा आकडा निघाला: पाच नऊ, पाचव्यांदा. कंपनीने सत्कार ठरवला, आणि नव्याने रुजू झालेल्यांना हा आकडा कसा राखतात ते गमरे मॅडम शिकवतील असं जाहीर केलं.

शुक्रवारी वर्ग भरला. पंधरा जण समोर. अस्मिताने फळ्यावर तीन चौकोन काढले, रबाळे, पावणे, पुणे, आणि दोघांच्या एकमताची गोष्ट समजावून सांगितली. शेवटच्या बाकावरच्या अर्पिता नावाच्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, दोन मशिनांनी मिळून खोटं सांगितलं आणि तिसरं खरं बोलत असेल तर?"

वर्ग हसला. पण प्रश्न चांगला होता, आणि अस्मिताला त्याचं उत्तर येत होतं. "आपल्या रचनेत तसं धरलेलं नाही," ती म्हणाली. "मशीन बंद पडू शकतं, मागे राहू शकतं, उशिरा उत्तर देऊ शकतं. पण उत्तर दिलं तर ते खरंच देणार, असं गृहीत धरलंय. खोटं बोलणारी धरली, तर तीन मशिनं पुरत नाहीत."

"मग त्या तिसऱ्याचं काय होतं?"

"त्याचं म्हणणं लिहून घेतलं जात नाही. त्याला बाजूला..." आणि तिथे ती थांबली. समोर पंधरा जण वह्या उघडून बसलेले. डोळ्यांसमोर मात्र टेबलाशी उभा राहून पासाची दोरी गुंडाळणारा जयदेव. ती म्हणाली, "दहा मिनिटं सुट्टी घेऊया," आणि जाग्यावर जाऊन जुना अहवाल उघडला.

अहवाल दुरुस्त करायची सोय असते. तिने खाली लिहिलं, आणि स्वतःचीच रीत मोडून नाव घालून लिहिलं: "पुण्याचं मशीन तयार नव्हतं हे मला, अस्मिता गमरेला, माहीत होतं. तरी मी जयदेव मढवी यांना फोनवर मशीन काढायला सांगितलं. त्यांनी लेखी परवानगी मागितली होती, मी नंतर पाठवते म्हणाले आणि पाठवली नाही. बैठकीत मी गप्प राहिले. खोळंबा एकोणीस मिनिटं, तो आपल्या हिशेबात धरावा." अंकुरला, ठेकेदाराला आणि गिऱ्हाईकाला, तिघांना एकदमच पाठवलं. पाच नऊचे चार झाले.

अंकुर धावतच आला. "आधी मला दोन शब्द बोलायचेस ना!"

"आधी बोलले असते तर पाठवलं नसतं," ती म्हणाली. "तू पाठवू दिलं नसतंस, आणि मीही ऐकलं असतं."

तो जायला वळला. सत्काराचं पुढे बघू म्हणाला. ठेकेदाराचा सुपरवायझर संध्याकाळी फोनवर म्हणाला, मढवीला सोमवारपासून परत घेतो. अस्मिताला तीन महिन्यांत पहिल्यांदा धड भूक लागली. उद्या जाऊन जयदेवला स्वतः सांगायचं, माफी मागायची, म्हणजे हे ओझं उतरेल, असं तिला वाटलं. माणूस किती लवकर स्वतःला माफ करायला निघतो!

शनिवारी सकाळी ती पावणे गावात गेली. वर्कशॉपांच्या मागे जुनी घरं आहेत, त्यांत जयदेवचं घर. पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो एक मोटर उघडून बसला होता. तिला बघून उठला, हात फडक्याला पुसले.

"ताई? या ना. बसा."

ताई ऐकून तिला रडू आलं. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं: काय लिहिलं, कोणाकोणाला पाठवलं, सोमवारी पास मिळेल. तो ऐकत होता.

"बरं झालं," तो म्हणाला. "येईन. काम तर करायचंच हाय. पन आता लिवून आल्याबिगर मी हात लावनार नाय, ताई."

"हो. बरोबर आहे." त्याने चार शब्द सुनावावेत असं तिला वाटत होतं, म्हणून तीच म्हणाली, "तुझ्याकडे काही पुरावा नव्हता, आणि मी त्याचा फायदा घेतला रे."

"पुरावा व्हता की."

त्याने फोन काढला. त्यात त्या दिवशीच्या कॉलच्या नोंदीचा एक फोटो होता, दुसऱ्या फोनने काढलेला. गमरे ताई, रविवार, दुपारी बारा बेचाळीस, एक मिनिट चाळीस सेकंद. "मंगलवारी बैठकीत हा फोन खिशात व्हता."

"मग दाखवला का नाहीस?"

"तुमी समोर बसलेल्या ना," तो म्हणाला, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "मी म्हनलं, ताई बोलतील. तुमी हायत तर मी कशाला फोन काढून तुमाला खोटं पाडू? मंग तुमी नाय बोलल्या. मंग म्हनलं, मानसांपुढं नसंल जमलं, घरी जाऊन फोन करतील. आठ दिस वाट बघितली. मंग राग आला. लई राग आला, खोटं कशाला बोलू! वाटलं, फोन घेऊन जावा आन सायबाच्या टेबलावर आपटावा. पन आठ दिसांनी कोन इस्वास ठेवतो? म्हनतील, तवा का नाय बोलला?"

अस्मिता खाली बसली. तिने सात वेळा लिहून खोडलेला मेसेज याच आठ दिवसांतला होता.

"कसला फोन?" दारातून आवाज आला. जयदेवची बायको जमुना पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने शेवटचं ऐकलं होतं. जयदेव म्हणाला, "काय नाय, आत जा." ती आत गेली नाही. तिने तांब्या खाली ठेवला आणि अस्मितालाच विचारलं, "म्हंजे यानं चुकीनं नाय काढलं ते?"

"नाही," अस्मिता म्हणाली. "मी सांगितलं म्हणून काढलं. चूक माझी होती. त्यांची काहीच नव्हती."

जमुनाने नवऱ्याकडे बघितलं. "मना का नाय सांगतलास?"

"तू जाऊन यांच्या हापिसात उभी राह्यली असतीस," तो मोटरकडे बघत म्हणाला.

"राह्यलीच असती!" ती म्हणाली. ती अस्मिताच्या समोर उकिडवी बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर अस्मिताने ते हात पसरून घेतलं असतं. "बाई, तीन महिनं झालं. मी याला काय काय बोललीय तुमाला ठाव नाय. घाईत हात घातलास, डोलं फुटलं व्हतं काय, म्हनून. भावकीतल्या एका साखरपुड्याला समद्यांपुढं बोलली, याच्या हाताला भान नाय म्हनून. पोरीपुढं बोलली. यो ऐकत राह्यला, आन जेवून उठून जायाचा." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमी चुकलात, तुमी कागदावर लिवलंत, बरं केलंत. पन मी जे बोलली ते आता कंच्या कागदावर लिवून परत घेऊ?"

जयदेवने खाली ठेवलेला तांब्या उचलला आणि आधी बायकोला पाणी दिलं.